नागुबाईच्या पाठीवरची खपली

मित्रांनो, मी एक जुनी लसीची पेटी आहे. उदगीरच्या एका मुलींच्या वसतिगृहात, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात माझा मुक्काम असतो. माझं अंग निळं होतं. आता तेलाच्या वाफेनं ते कोणत्या रंगाचं झालं आहे, हे मी सांगणार नाही. माझ्या झाकणाची एक कडी तुटलेली आहे आणि पट्टा कधीच गेला. तुम्ही आलात तर मला स्टूल समजून खुशाल बसाल. बसा, सगळेच बसतात. पण आधी माझी हकिकत ऐका. मी एकदा एका बाईची अब्रू पोटात घेऊन दोनशे किलोमीटर गेले आहे आणि त्या दिवशी माझा बर्फ वितळत होता.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. दोन भिंतींच्या मध्ये फेस भरून मला बनवलं, म्हणून बाहेर कितीही ऊन असलं तरी माझ्या पोटात ते शिरत नाही. चार बर्फाच्या विटा, मध्ये लसीच्या बाटल्या, वर मऊ गादी आणि मग झाकण, असा माझा संसार. उदगीरजवळच्या आरोग्य केंद्रात मला भागवत नावाच्या आरोग्यसेवकाच्या खांद्यावर दिलं. भागवतला एक खोड होती. बर्फाची वीट माझ्यात ठेवण्याआधी तो ती कानाशी धरून हलवायचा. आत थोडंसं पाणी वाजलं की म्हणायचा, "हाव, आता ठीक हाय." दगडासारखा घट्ट बर्फ लसीला बाधतो आणि फार पाणी झालं तर लस वाया जाते, हे त्याला कानानं कळायचं.

आम्ही किती वस्त्या आणि किती तांडे पालथे घातले त्याला गणती नाही. पोलिओच्या रविवारी तर मुलं मला पाहताच पळत सुटायची आणि आया त्यांना बखोटीला धरून आणायच्या. एका मोठ्या साहेबांनी माझं झाकण उघडून पाहिलं आणि भागवतची पाठ थोपटली. थाप भागवतला मिळाली, पण फुगले मी. मग नव्या पेट्या आल्या. माझी कडी तुटली तेव्हा कुणी ती बसवली नाही. भागवतला मला भंगारात टाकवेना. त्यानं मला या वसतिगृहात आणून नागुबाईच्या हवाली केलं.

नागुबाई इथली स्वयंपाकीण. अठ्ठावीस वर्षं ती साठ-सत्तर मुलींच्या भाकरी थापते आहे. मुली तिला मावशी म्हणतात. पहिली काही वर्षं तिनं माझ्यात विरजण ठेवलं, आणि थंड लसी वाहणाऱ्या माझ्या अंगाला ताकाचा वास लागला याचं मला वाईट वाटलं. पुढं फ्रीज आला. तेव्हापासून ती माझ्यावर बसून पीठ मळते. खरं सांगते, मला ते बरं वाटतं.

आता त्या चैत्राची गोष्ट.

शिमगा झाला आणि नागुबाईच्या पाठीवर, उजव्या बरगडीपासून वर, फोडांची एक ओळ उठली. आग आग व्हायची. तिनं ओळखलं की ही नागीण. आपल्याकडे लोक म्हणतात की नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना भिडलं की माणूस जातो. म्हणून नागुबाई गावाकडच्या एका जाणत्याकडे गेली आणि पाठीवर काव लावून आली. तांबड्या मातीचा तो जाड थर तिनं वरून जुन्या धोतराच्या फडक्यानं घट्ट बांधला आणि पुन्हा कामाला लागली. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मुलींचं खाणं कुणी बघायचं, हा तिचा हिशेब.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट झाली, आणि ती फक्त मी आणि नागुबाईनं पाहिली. वसतिगृहाच्या गृहपाल शिल्पा मॅडम हैदराबादला भावाच्या लग्नाला जाऊन आल्या होत्या. त्यांची चार वर्षांची ईश्वरी माझ्यावर बसून गूळ-शेंगदाणे खात होती. नागुबाई तिचे केस बांधायला वाकली आणि थांबली. कानामागं आणि केसांत बारीक बारीक खपल्या होत्या.

"मॅडम, हे काय उठलंय हिच्या?" नागुबाईनं विचारलं.

"घामोळं आहे," शिल्पा मॅडम पटकन म्हणाल्या आणि पोरीला उचलून घेऊन गेल्या. दोन दिवसांनी ईश्वरी पुन्हा मुलींच्या खोल्यांतून हुंदडत होती.

पंधरवडा उलटला. परीक्षा तोंडावर आलेली, आणि सहा नंबरच्या खोलीतल्या दोन मुलींच्या अंगावर पुरळ उठलं. मग पाचव्या दिवसापर्यंत अकरा मुली. कांजण्या. मित्रांनो, इतकी वर्षं मी लसी वाहिल्या, पण कांजण्यांची लस कधी माझ्या पोटात आली नाही. सरकारी यादीत ती नव्हतीच. बहुतेक मुली चार-सहा दिवस कण्हून बऱ्या झाल्या. सातवीतली सुकन्या मात्र बरी होईना. तिला धाप लागली, ओठ काळे पडायला लागले. दुखणं फुप्फुसात उतरलं होतं. तिला लातूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं आणि प्राणवायू लावला. त्या दिवशी नागुबाईच्या हातून पहिल्यांदा भाकरी करपली.

तिसऱ्या दिवशी सुकन्याचा बाप आला. रामकिशन त्याचं नाव, नायगाव तालुक्यातल्या एका खेड्यातला. डोळे तांबारलेले, पायात चप्पल नाही. तो सरळ स्वयंपाकघरात घुसला.

"कोन हाय ती नागीणवाली?"

नागुबाई माझ्यावरून उठली.

"डॉक्टरनं सोत्ता इचारलं मला, हॉस्टेलात कुणाला नागीण झालती का म्हून. लेक म्हणली, सैपाकाच्या मावशीच्या पाठीला काव हाय. नागीण आन कांजण्या एकच रोग हाय म्हणले. एकच! मपल्या लेकीला हिनं ताटातून इख वाढलं!"

डॉक्टरांनी विचारलं ते बरोबरच होतं. कांजण्या होऊन गेल्या तरी त्यांचा विषाणू अंगातून जात नाही. तो कण्याजवळच्या नसांत वर्षानुवर्षं झोपून राहतो आणि म्हातारपणी किंवा अशक्तपणात उठला की नागीण होऊन बाहेर येतो. नागिणीच्या फोडातलं पाणी लागलं तर दुसऱ्याला कांजण्या होऊ शकतात. हे सगळं खरं आहे. पण ते अर्धं होतं. एरवी आपल्याकडे कांजण्यांचा दोष नागिणीवर कुणी ठेवला नसता, कारण नावं वेगळी, उपाय वेगळे. अर्धं कळलं आणि एका बाईच्या गळ्याशी आलं. मी कोपऱ्यात होते. ईश्वरीच्या खपल्यांची गोष्ट माझ्या झाकणाआड होती आणि मला बोलता येत नव्हतं. त्या क्षणाइतका राग मला माझ्या प्लास्टिकच्या जन्माचा कधी आला नाही.

संस्थेचे प्रमुख मल्लिनाथअप्पा आले. अप्पा वाईट माणूस नाहीत, पण त्यांना गोंधळ सहन होत नाही.

"नागीण झालती का तुला, नागुबाई?"

"हाव, अप्पा."

"आन सांगितली न्हाईस?"

"न्हाई."

"मग आता सोमवारपर्यंत सैपाकघरात पाऊल टाकू नको. सोमवारी बैठक हाय. सगळ्यांसमोर ठरवू."

शिल्पा मॅडम दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आणि मीही नाही.

नागुबाईनं मला उचललं आणि मागच्या पडवीत नेऊन ठेवलं. माझ्यावर ती दोन दिवस बसून होती. नुसत्या चहावर. तिचा भार माझ्या ओळखीचा आहे, पण त्या दोन दिवसांत ती मला फार जड लागली. कामावरून काढतील याची तिला भीती होतीच, पण तिला खात होतं ते वेगळंच. सुकन्या रोज सकाळी तिच्या हातून पहिली भाकरी घ्यायची. त्याच हातानं तिनं लेकराचा जीव धोक्यात घातला की काय, हा प्रश्न तिला सोडत नव्हता.

बुधवारी दुपारी भागवत पुरळ आलेल्या मुलींची यादी करायला आला. पडवीत नागुबाईला पाहून थबकला.

"काय झालं, नागुबाई?"

"भागवतभाऊ, माझ्यानं झालं का हो? खरं सांगा. माझ्यानं झालं आसंल तर मी हिथं ऱ्हाणार न्हाई."

याचं उत्तर कुणाला माहीत असेल हे भागवतला ठाऊक होतं. त्यानं फोन काढला आणि धम्मप्रियाला लावला. धम्मप्रिया याच वसतिगृहात पाच वर्षं राहिलेली, नागुबाईच्या भाकरीवर वाढलेली. आता ती नांदेडजवळ विष्णुपुरीला एका प्रयोगशाळेत संशोधन करते, आणि तिचा विषयच हा आहे की कांजण्यांचा विषाणू माणसागणिक, गावागणिक कसा किंचित वेगळा असतो. फोन मोठ्या आवाजावर होता, म्हणून मीही ऐकलं.

"मावशी, रडू नको. मला आधी सांग, नागिणीची एखादी खपली राहिली आहे का अंगावर? एक तरी?"

"न्हाई गं बाई. तीन आठवडे झाले. सगळ्या गळल्या."

"पाठ कुणी बघितली?"

"काव हाय पाठीवर. मी धुतलीच न्हाई."

धम्मप्रिया ओरडली, "धुऊ नको! हात लावू नको. बाईमाणसाकडून बघून घे. चिमट्यानं. भागवतकाका, तुम्ही दाराबाहेरून सांगा कसं काढायचं ते. आणि आजारी मुलींच्या खपल्या, सुकन्याच्या फोडातलं पाणी, सगळं पाहिजे. खपली कोरडी असली तर टिकेल. पाणी मात्र गरम होऊ देऊ नका."

बाईमाणूस म्हणजे तिथं शिल्पा मॅडमच होत्या.

मित्रांनो, तो प्रसंग मी विसरू शकत नाही. नागुबाई माझ्यावर पाठमोरी बसली. भागवत दाराआड. शिल्पा मॅडमच्या हातात चिमटा आणि विजेरी. फडकं सुटलं, काव कोरडी होऊन भेगाळली होती. मॅडम वाकल्या. मला त्यांचा चेहरा दिसत होता. खांद्याखाली, जिथं नागुबाईचा हात पोहोचत नाही, तिथं काव जाड बसली होती आणि तिच्या एका भेगेत एक काळपट खपली अडकली होती. मी पाहिली. त्यांनीही पाहिली.

"हाय का काही?" भागवतनं बाहेरून विचारलं.

नाही, एवढा एक शब्द म्हटला असता तर सगळं तिथंच संपलं असतं. कुणी पुन्हा बघायला आलं नसतं. त्यांनी चिमटा मागं घेतला. मला वाटलं, आता बुडालं सगळं.

"आहे," त्या म्हणाल्या. "एक आहे."

त्या बाईनं पुढं काय केलं आणि मागं काय केलं होतं त्याचा निवाडा तुम्ही करा. मी तिला त्या एका शब्दासाठी अजून मानते.

खपली छोट्या नळीत गेली. दोन मुलींच्या खपल्या दुसऱ्या नळ्यांत. नव्या पेट्या सगळ्या मोहिमेवर गेलेल्या होत्या. भागवतनं माझ्याकडे पाहिलं. मला घासून, पुसून, औषधी पाण्यानं विसळून त्यानं उन्हात वाळवलं. ताकाचा वास अखेर गेला. बर्फाच्या चार विटा आणल्या, एकेक कानाशी धरून हलवली. झाकण कडीविना राहत नव्हतं, म्हणून नागुबाईनं सुतळीनं मला दोन वेढे घालून बांधलं.

गुरुवारी सकाळी आम्ही लातूरच्या दवाखान्यात पोहोचलो. रामकिशन वॉर्डाबाहेरच्या बाकावर होता. भागवतनं समजावलं तसा तो उसळला.

"आता काय तपासून राहिलात? मपली लेक तिथं नळीवर पडली हाय."

"रामकिशनराव, नागुबाईकडून आलं का न्हाई, हे कळंल. बिलकूल सोप्पं हाय, फोडातलं थेंबभर पाणी."

"आन तिच्याकडूनच आलं म्हून निघालं तर?"

"तर तसं कागदावर येईल. मी बदलणार न्हाई."

रामकिशननं वॉर्डाचं दार उघडलं. मग म्हणाला, "घ्या. पन तिचंच निघालं तर मी कुणाला सोडणार न्हाई."

सुकन्याच्या फोडातलं पाणी चौथ्या नळीत आलं. माझ्या पोटात आता दोघींचा निकाल शेजारी शेजारी बसला होता.

लातूरहून निघालेली एसटी अहमदपूरच्या पुढं बंद पडली. चैत्राचं ऊन, झाडाची सावली नाही, रस्ता तापून लाह्यांच्या कढईसारखा झालेला. भागवत मला मांडीवर घेऊन बसला. अर्धा तास गेला. त्यानं सुतळी सोडली, हळूच एक वीट काढली, कानाशी धरून हलवली. पाणी खळखळ वाजलं. त्याचा चेहरा उतरला. मी माझ्या जुन्या भिंती घट्ट धरून ठेवल्या. सतरा वर्षांची झाले तरी मला एवढं एकच काम येतं.

शेवटी त्यानं टरबुजांचा एक टेम्पो थांबवला. टेम्पोवाल्यानं विचारलं, "काय हाय पेटीत?" भागवत म्हणाला, "एका बाईची इज्जत हाय बाबा, लवकर चल." टेम्पोवाला हसला नाही. त्यानं आम्हाला पुढं बसवलं. लोह्याला सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी काही न विचारता चार गोठलेल्या विटा काढून दिल्या. घाईतही भागवतनं त्या कानाशी धरल्या, वाजेपर्यंत थांबला, आणि मगच आत ठेवल्या. साडेपाच वाजता आम्ही विष्णुपुरीला उतरलो. धम्मप्रिया प्रयोगशाळेच्या दारातच उभी होती. तिनं मला भागवतच्या हातातून घेतलं आणि सुतळीच्या गाठीकडे पाहून म्हणाली, "ही मावशीचीच गाठ आहे." मग तिनं ती कात्रीनं न कापता नखानं सोडवली.

भागवत परत गेला. मी तिथंच एका टेबलाखाली राहिले. शुक्रवारी मुलींचे तिन्ही नमुने वाचून झाले. नागुबाईचा मात्र निकालच येईना. खपलीत काव मुरलेली होती, आणि त्या तांबड्या मातीपुढं यंत्र आंधळं होतं. धम्मप्रियानं अर्धी खपली त्यात घालवली. उरली फक्त अर्धी.

शनिवारी तिनं ती अर्धी खपली पुन्हा पुन्हा धुतली. एकदा, दोनदा, सात वेळा. तिची सोबतीण म्हणाली, "राहू दे, एवढ्याशा तुकड्यात काही मिळणार नाही." धम्मप्रियानं मान वर केली नाही. ज्या कावेमुळे खपली टिकली, त्याच कावेनं ती वाचू दिली नाही तर काय, या विचारानं मीसुद्धा घाबरले होते. रविवारी दुपारी पडद्यावर रंगीत रेघा उमटल्या. धम्मप्रियानं दोन कागद शेजारी ठेवले, बोटानं एकेक जागा मोजली, आणि टेबलावर डोकं टेकवलं. ती रडत होती की हसत होती हे मला खालून दिसलं नाही.

सोमवारी ती स्वतः मला घेऊन उदगीरला आली.

जेवणाच्या हॉलमध्ये सगळे बसले होते. अप्पा, संस्थेचे दोघं-तिघं, बऱ्या झालेल्या मुली, भागवत, लातूरहून आलेला रामकिशन. सुकन्याचा प्राणवायू कालच काढला होता, पण त्याचा राग उतरला नव्हता. शिल्पा मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या. नागुबाई दाराशी जमिनीवर. धम्मप्रियानं मला टेबलावर ठेवलं आणि मुलींना विचारलं, "परीक्षेत कुणी कुणाचं बघून लिहिलं, हे तुमच्या मॅडम कसं ओळखतात?"

मुली चपापल्या. मग एक धीट मुलगी म्हणाली, "चूक सारखी निघाली की."

"बरोबर. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं. चुका मात्र ज्याच्या त्याच्या असतात. एकीनं दुसरीचं बघून लिहिलं की तिची चूकही उतरते. कांजण्यांचा विषाणूही असाच लिहिलेला असतो. सव्वा लाख अक्षरं. तो एका माणसातून दुसऱ्यात जातो तेव्हा स्वतःची नक्कल करतो. फार काळजीनं करतो, पण पिढ्यान्‌पिढ्यांत कुठं कुठं अक्षर बदलतं. म्हणून जगात त्याचे वेगवेगळे वाण आहेत. मावशी, तुला कांजण्या कधी झाल्या होत्या?"

"मी सात वर्साची आसंन."

"म्हणजे तुझ्यातली नक्कल पन्नास वर्षांपूर्वीची. ती इतकी वर्षं तुझ्या पाठीत झोपली होती. मी अकरा जागा तपासल्या. सुकन्या आणि या दोन मुली, तिघींची अक्षरं अकराही जागी एकमेकींशी जुळतात. तिघींनी एकाच वहीतून उतरवलं आहे." ती थांबली. "मावशीची अक्षरं त्यातल्या सात जागी वेगळी आहेत. दोन-तीन आठवड्यांत, एका उडीत, असं होत नाही. ती वही मावशीची नाही."

रामकिशन उठून उभा राहिला. "म्हंजी?"

"म्हणजे तुमच्या लेकीला हे मावशीकडून आलेलं नाही."

नागुबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. मला इतका आनंद झाला की माझं झाकण आपोआप उघडेल असं वाटलं.

अप्पांनी घसा खाकरला. "मग कुणाकडून आलं? ते बी काढा शोधून."

"शोधता येईल," धम्मप्रिया म्हणाली. "आधी कुणाला..."

मी शिल्पा मॅडमकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते.

तेवढ्यात नागुबाई उठली. अठ्ठावीस वर्षांत ती अप्पांच्या मधे कधी बोलली नव्हती.

"अप्पा, मी नागीण लपवली, ती माझी चूक. पुन्हा न्हाई लपवणार. पन आता आणिक कुणाचं नाव काढू नका. मी आठवडाभर तुमच्या सगळ्यांच्या नजरंखाली बसले हुते. तिथं दुसऱ्या कुणाला बसवू नका. पोरगी बरी व्हायली ना? बास."

रामकिशन तिच्याकडे बघत राहिला. तो हात जोडून बाहेर पडला. अप्पांनी निकालाच्या कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

संध्याकाळी नागुबाई स्वयंपाकघरात परतली. मला तिनं जागेवर ठेवलं, माझ्यावर बसली आणि परातीत पीठ घेतलं. शिल्पा मॅडम आल्या.

"मावशी, तुम्हाला माहीत होतं."

"कानामागं खपल्या पाहिल्या हुत्या मी."

"मग त्या दिवशी का नाही बोललात? रामकिशन ओरडत होता तेव्हा?"

नागुबाईनं पिठात पाणी घातलं. "मला वाटलं, माझ्यानंच झालं आसंल. आन नसंल झालं तरी, मॅडम, चार वर्साच्या लेकराकडं बोट दावून मी हितं भाकरी थापू व्हय?"

शिल्पा मॅडम परातीशेजारी बसल्या. "परीक्षेच्या आधी हॉस्टेल बंद होईल, माझ्यावर येईल, म्हणून मी घामोळं म्हटलं. सुकन्या गेली असती तर..."

"गेली न्हाई. उठा, तुमचे डोळे पुसा. ईश्वरी बघंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेनंतर शिल्पा मॅडम स्वतःहून सगळ्या मुलींसमोर, अप्पांसमोर उभ्या राहिल्या आणि जे होतं ते त्यांनी सांगून टाकलं. अप्पा खूप रागावले. आता नोटीसफळ्यावर मॅडमच्या अक्षरात एक ओळ कायम लिहिलेली असते: अंगावर पुरळ उठलं, फोड आले, तर लगेच सांगा, कुणी रागावणार नाही.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. आजार लपवू नका, तो कुणाचा गुन्हा नसतो. आणि एखादी गोष्ट अर्धीच कळली असेल, तर उरलेली अर्धी कळेपर्यंत कुणाकडे बोट दाखवू नका. ती उरलेली अर्धी कधी कधी कावेच्या भेगेत अडकलेल्या एका खपलीत असते. आणि हो, जुनी पेटी दिसली तर भंगारात टाकण्याआधी तिची कडी तरी बसवून बघा.

पंधरा दिवसांनी रामकिशन सुकन्याला घेऊन आला. ती वाळून काडी झाली होती, गालावर दोन खड्डे राहिले होते. रामकिशन दाराबाहेरच थांबला.

"नागुबाई," तो खाली बघत म्हणाला, "दवाखान्यात कायबी खाईना. तुमच्याच हातची भाकर पायजे म्हणती."

"मग तिथं का उभे? या आत," नागुबाई म्हणाली आणि माझ्यावरून उठली. सुकन्या माझ्यावर बसली. थोड्या वेळानं ईश्वरी धावत आली आणि तिला ढकलून तीही अर्ध्या जागेवर बसली. माझं झाकण कुरकुरलं. नागुबाईनं तव्यावरची पहिली भाकरी उचलली, मधोमध मोडली आणि दोघींच्या हातात दिली.